व्हीलचेअरपुरताच विचार

तीव्र अपंगत्व असलेल्या प्रौढांच्या निवासी संस्थेचा आराखडा करताना माझा नियमावलीवर पूर्ण भरवसा होता. रॅम्पचा उतार १:१२, दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, व्हीलचेअर वळायला १५०० मिलिमीटरचं वर्तुळ, सगळं काटेकोर. पण तिथे येणारे बहुतेक जण व्हीलचेअर चालवणं सोडाच, स्वतःची कूसही बदलू शकत नव्हते. त्यांचा बराचसा दिवस आडवं राहून जाणार होता. उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं मावशींच्या हातून होणार होतं. मी विश्वस्तांशी बोललो, मावशींशी बोललोच नाही.

सर्वांत मोठी चूक न्हाणीघरात झाली. भिंतीला आधाराचे दांडे लावले. ज्याची मूठ वळत नाही, त्याला दांड्याचा काय उपयोग? त्याला झोपवून अंघोळ घालायला उंची कमी-जास्त होणारी ट्रॉली लागते आणि तिच्या दोन्ही बाजूंना माणूस उभा राहील एवढी जागा. ती मी ठेवलीच नव्हती. दोघी मावशी भरल्या अंगाच्या माणसाला उचलून ओल्या फरशीवरून न्यायच्या. त्यांच्या कमरा धरल्या. उचलयंत्राचा रूळ छताला बसवावा म्हटलं, तर दारावरची तुळई आड आली.

खाटा जागा वाचवायला भिंतीला लावल्या होत्या. बेडसोर होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. त्यासाठी दोन्हीकडून हात पोचायला हवा. डायपर बदलताना आडोसा नव्हता, याची मला आजही लाज वाटते. दिवे छताच्या मधोमध, थेट झोपलेल्याच्या डोळ्यांवर. गुळगुळीत फरशीमुळे भांडं पडलं तरी आवाज घुमायचा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या अनेकांचं अंग अशा आवाजाने दचकून ताठरतं, आणि तेव्हा घास तोंडात असेल तर ठसका जिवावर बेतू शकतो.

खाटा सरकवल्या, पडदे लावले, दिवे भिंतीवर घेतले. न्हाणीघराची भिंत मात्र पाडावी लागली, आणि तो खर्च संस्थेने देणग्यांतून केला.

असं काम हाती घेणाऱ्या वास्तुविशारदांना माझी कळकळीची विनंती आहे. नकाशा पक्का करण्याआधी न्हाणीघर खऱ्या मापात जमिनीवर खडूने आखा आणि मावशींना तिथे ट्रॉली फिरवून पाहायला सांगा.