पावतीवरचं नाव

आपल्याकडे तलाकनंतरच्या पैशांची चर्चा निघाली की शाहबानोपाशी सुरू होते आणि तिथंच संपते. मुलाच्या फीची पावती कुणाच्या नावानं फाडायची, यावर मात्र कुणी परिसंवाद घेत नाही.

मी नांदेडला उर्दू शाळेत शिकवते, माहेर लातूरचं. २०१७ साली खुला घेतला. खुलानाम्यात मेहर माफ केल्याचं नीट लिहिलं होतं, मुलीच्या खर्चाबद्दल एक अक्षर नव्हतं. फिक्हप्रमाणे मुलगी वयात येईपर्यंत हिजानत आईची, पण विलायत आणि नफका बापाचा. म्हणजे मूल आईच्या कुशीत आणि खर्च बापाच्या खिशातून. व्यवस्था वाईट नाही. खिसा उघडला तर!

२०१९ च्या फेब्रुवारीत पगारपत्रकासोबत आयकराचा तक्ता भरायचा होता. मुलगी पहिलीत होती. वर्षाची ट्यूशन फी १८ हजार, सगळी माझ्या खात्यातून चेकनं दिलेली. क्लार्क म्हणाले, "मॅडम, पावतीवर तिच्या वडिलांचं नाव आहे, तुमच्या तक्त्यात कशी घेऊ?" तिच्या शाळेच्या रजिस्टरात 'पालक' या रकान्यात वडीलच होते, म्हणून पावतीही तशीच निघे. नंतर कळलं, त्याच पावतीची दुसरी प्रत लातूरच्या एका कार्यालयातल्या तक्त्याला जोडली गेली होती.

हिशेब केला. पाच टक्के कर, वर चार टक्के उपकर, म्हणजे ९३६ रुपयांचा प्रश्न. अब्बा म्हणाले, "सोड बेटा, हजार रुपयांसाठी कशाला तमाशा?" पण त्या हजारासाठी मी भांडत नव्हतेच. ज्यानं वर्षभरात मुलीला एक वही घेतली नव्हती, तो कागदावर तिचं शिक्षण करत होता.

अमेरिकेत म्हणे मुलाला 'अवलंबित' दाखवण्याचा हक्क पहिल्यांदा त्या पालकाचा, ज्याच्या घरी मूल वर्षातल्या जास्त रात्री झोपतं. त्याला तो सोडायचा असेल तर ८३३२ नंबरचा फॉर्म सही करून द्यावा लागतो. आपल्याकडे तसा रकानाच नाही. १९६१ च्या आयकर कायद्याच्या ८०सी कलमात दोन मुलांपर्यंतची ट्यूशन फी बसत असे, आणि तीही ज्यानं प्रत्यक्ष भरली त्याला. आई की बाप, तलाक की निकाह, हे तिथं विचारलेलं नव्हतं. मी बँकेचा उतारा जोडला, तिच्या शाळेत अर्ज देऊन पावती माझ्या नावानं करून घेतली. क्लार्कनं तक्ता घेतला.

खरी लढाई पुढची, नफक्याची. "खुला तूच मागितलास, आता खर्च कसला?" असा निरोप आला. वकीलबाईंनी दोन निकाल समजावले. १९८६ च्या कायद्यात मुलाच्या खर्चाची मुदत दोनच वर्षं लिहिलेली. पण १९९७ मध्ये नूर सबा खातून प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मुलांचा १२५ कलमाखालचा हक्क त्यांचा स्वतःचा आहे, तो या कायद्यानं कमी होत नाही, आणि मुलीसाठी तो लग्नापर्यंत चालतो. मी मेहर माफ केला तो माझा होता, मुलीचं काही मी माफ करूच शकत नव्हते. दुसरा निकाल आपल्याच भागातला, औरंगाबाद खंडपीठाच्या पूर्णपीठाचा, २००२ मधला दगडू पठाण खटला. "मी तलाक दिलाय" असं नवऱ्यानं कोर्टातल्या जबाबात लिहून भागत नाही, तो रीतसर दिल्याचं सिद्ध करावं लागतं. माझ्या कामाचा तो नव्हता, पण माझ्या शेजारच्या बाकावर बसलेल्या बाईच्या होता. तिला तो कुणीच सांगितला नव्हता.

अर्ज केला. दीड वर्षानं महिना तीन हजार ठरले. येतात, कधी उशिरा. (१ जुलै २०२४ पासून १२५ च्या जागी नव्या संहितेचं १४४ कलम आलं, तारखा मात्र तशाच पडतात.)

एक गंमत राहिली. अब्बांनी नातीच्या नावानं ६० हजारांची ठेव ठेवली होती. २०१९ च्याच विवरणपत्रात तिचं ४,२०० रुपये व्याज आलं. कायदा सांगत होता, आईबाप वेगळे झाले असतील तर अज्ञान मुलाचं उत्पन्न, जो पालक त्याला सांभाळतो त्याच्या उत्पन्नात धरावं. १,५०० रुपये माफ, बाकी २,७०० माझ्या नावावर चढले. त्या कलमाखाली मी बिनतक्रार कर भरला. या वेळी लातूरहून कुणी दुसरी प्रत मागायला आलं नाही.