उन्हाला पारखी पानं

उजी (जपान), मे महिन्याचा पहिला आठवडा

ती. आप्पा,

उजीतल्या चहाच्या मळ्यांत सध्या भर दुपारी अंधार आहे. झुडपांवर मांडव, मांडवावर काळी जाळी. आत शिरलं की डोळे सरावायला वेळ लागतो. मिरजेकडचा पानमळा शेवरी-शेवग्याच्या सावलीत वाढतो, कारण पानवेलीला ऊन सोसत नाही. चहाच्या झुडपाला मात्र ऊन चांगलं मानवतं, आणि ऐन पालवीच्या दिवसांत तेच त्याच्यापासून तोडलं जातं.

पालवी फुटू लागली की साधारण तीन आठवडे ही सावली धरतात. जुन्या रीतीत मांडवावर बोरूच्या चटया अंथरतात आणि काही दिवसांनी माणसं वर चढून त्यावर भाताचा पेंढा पसरतात. मग आत जेमतेम चिमूटभर उजेड उरतो. हल्ली बहुतेक ठिकाणी कृत्रिम धाग्याची जाळी असते. पेंढ्याचे मांडव हौशी आणि हट्टी मळेवाल्यांकडेच उरलेत.

यामागचं शास्त्र सोपं आहे. चहाच्या मुळांत थिअनिन नावाचं अमिनो आम्ल तयार होतं आणि ते पानांत चढतं. उन्हात त्याचं रूपांतर होत होत कॅटेचिनं बनतात. चहाचा तुरटपणा मुख्यतः त्यांचा. ऊन तोडलं की ही क्रिया मंदावते, थिअनिन पानात साठून राहतं आणि चव गोडसर, दाट होते. मिळेल तेवढा उजेड पकडायला पान जास्त हरितद्रव्य तयार करतं, म्हणून रंग गडद. वास तर चक्क समुद्रातल्या शेवाळाचा! आईला तो मुळीच आवडणार नाही. संशोधक साकातो याजिरो यांनी 1949 साली थिअनिन शोधलं तेही सावलीतल्या ‘ग्योकुरो’ चहाच्या पानांतच.

ही युक्ती किती जुनी, याचा एक लेखी पुरावा पोर्तुगीज आहे. जुआंव रोद्रिगिश हा जेझुइट पाद्री 1577 साली जपानात आला. उजीतले मळे बोरूच्या आणि पेंढ्याच्या चटयांनी झाकतात, हे त्याने लिहून ठेवलं आहे. मूळ हेतू कडाक्याच्या थंडीपासून पालवी वाचवण्याचा असावा. चव बदलते हे नंतर ध्यानात आलं असेल.

तोडलेलं पान लगेच वाफेवर धरतात, जेमतेम पंधरा-वीस सेकंद, म्हणजे ते काळं पडत नाही. इथून वाटा फुटतात. पान मळून सुईसारखं वळलं की ग्योकुरो. न मळता सपाट वाळवलं तर ‘तेंचा’, आणि तेंचा दळली की जगभर गाजणारा माचा. तेंचाच्या कारखान्यात बघण्यासारखी जागा एकच: उंच जाळीचे कप्पे. वाफाळलेली ओली पानं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून खालून पंखा त्यांना छतापर्यंत उडवतो. पानं खाली येतात, पुन्हा उडतात, आणि सुटी होऊन विटांच्या भट्टीत जातात. मग देठ-शिरा काढून उरलेला पातळ पापुद्रा ग्रॅनाइटच्या जात्यात. एक जातं तासाला कसंबसं चाळीस ग्रॅम पीठ देतं. वेग वाढवला तर दगड तापतो आणि वास जातो. कुठलाही हिरवा चहा दळून त्याला माचा म्हणणाऱ्यांनी हे जातं एकदा बघावं.

यामे, फुकुओका

इथल्या डोंगरांत ग्योकुरोचं सोवळं अजून पाळलं जातं. झुडपं यंत्राने कातरत नाहीत, मोकळी वाढू देतात. वर भाताच्या पेंढ्याचंच आच्छादन आणि तोडणी हातानेच. इथल्या पारंपरिक ग्योकुरोला 2015 साली जपानच्या पहिल्यावहिल्या भौगोलिक मानांकनांत जागा मिळाली. मळ्यात तरुण चेहरा क्वचितच दिसतो.

कागोशिमा

उजीचा नखरा इथे नाही. सपाट, राखेच्या जमिनी, झुडपांच्या रांगांवरून चालणारी मोठी यंत्रं. जाळी थेट झुडपांवरच अंथरलेली. साकुराजिमा ज्वालामुखी अधूनमधून राख उडवतो, ती पानांवरून धुवावी लागते. 2024 साली याच प्रांताने चहाच्या उत्पादनात शिझुओका प्रांताला प्रथमच मागे टाकलं. त्याच वर्षी माचाची मागणी इतकी वाढली की क्योतो-उजीतल्या नामवंत दुकानांना गिऱ्हाइकामागे डब्यांची मर्यादा घालावी लागली. दगडी जात्याच्या वेगाने जगाची हौस भागणार नाही हे उघड आहे, त्यामुळे पुढची भिस्त कागोशिमावरच दिसते.

आता तुमचा प्रश्न: हा चहा प्रकृतीला कितपत चांगला? जाहिराती कॅटेचिनांचं गुणगान करतात, पण सावली धरल्याने तीच तर कमी होतात. माचात पान सगळंच पोटात जातं, एवढा त्याचा फायदा. थिअनिन आणि कॅफीन एकत्र घेतल्याने मन शांत राहून लक्ष टिकतं असं काही छोट्या चाचण्यांत दिसलंय. मियागी प्रांतातल्या 40,530 प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष 2006 साली आले. रोज पाच किंवा जास्त कप हिरवा चहा पिणाऱ्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू कमी आढळले, कर्करोगाच्या बाबतीत फरक दिसला नाही. पण ती नुसती पाहणी होती आणि साध्या हिरव्या चहाची. त्यावरून माचाला औषध ठरवणं दुकानदारी झाली.

सोबत ग्योकुरोचा लहान डबा पाठवलाय. उकळू नका, दूध-साखर तर नकोच. पाणी उकळून पन्नास-साठ अंशांपर्यंत निववा, दोन मोठे चमचे पानांवर अर्धी वाटी ओता आणि दोन मिनिटं थांबा. कप छोटा असला तरी जपानी तक्त्यांप्रमाणे दाट ग्योकुरोच्या 100 मिलिलिटरमध्ये 160 मिलिग्रॅम कॅफीन असतं, कॉफीत 60. तेव्हा रात्री घेऊ नका. आईच्या लोहाच्या गोळीच्या वेळीही नको, चहाने लोह नीट शोषलं जात नाही. पानं टाकू नका. इथे ती सोया सॉस शिंपडून खातात. आपल्याकडे लिंबू-मीठ चालेल.