पशुगृहातले नाना

आमच्या सावद्यात केळीचा घड उतरवताना विळा हाताला लागला, की खोडाचं पाणी पिळून लावायचं आणि पुन्हा कामाला लागायचं. बनारस हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांनी कच्च्या केळाच्या अर्कानं उंदरांच्या जखमा लवकर भरतात, असं 2009 मध्ये दाखवलं. ते वाचून एम.फार्म.ला मी खोडाच्या रसाचं मलम घेतलं. मलम जमलं. उंदीर जमले ते नानांमुळे.

नाना पशुगृह सांभाळत. मी चिमट्यात धरल्यासारखा उंदीर उचलला, तेव्हा म्हणाले, ‘‘भाऊ, दाबू नको त्याले. हातावर बसव, तुझा वास कळू दे.’’ जखम करण्याआधी कित्येक दिवस त्यांनी मला नुसतं हाताळायलाच लावलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी 1998 च्या नियमांप्रमाणे समितीची परवानगी लागते, भूल द्यावी लागते. तळहातावर बसवायचं त्यात लिहिलेलं नाही. पण कोंडून ताण दिलेल्या उंदरांची जखम उशिरा भरते, हे त्याच वर्षी अमेरिकेत छापून आलं होतं. नानांनी ते वाचलेलं नव्हतं. माझे आकडे मात्र त्यांच्या हातावर उभे होते.

भूल देऊन पाठीवरचे केस काढायचे, कातडीचा गोल तुकडा कापायचा. एका गटाला माझं मलम, एकाला पोव्हिडोन आयोडीन, एकाला औषध नसलेला नुसता बेस. जखमेची कड पारदर्शक कागदावर गिरवायची आणि आलेखाच्या कागदावर चौकटी मोजायच्या. एकत्र ठेवले तर एकमेकांच्या जखमा कुरतडतात, म्हणून प्रत्येकाला वेगळा पिंजरा. म्हणजे नानांना धुवायला तेवढे जास्त.

मलमाचा निकाल बरा आला. तरी उंदराची जखम मुख्यतः कातडी आकसून मिटते, माणसाची बरीचशी नवी त्वचा धरून. त्यामुळे त्या निकालावर मी घरच्या मजुरांना मलम दिलं नाही. माणसावर तपासलेलं आहे ते केळीचं पान. सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी ते भाजलेल्या जखमांवर वापरलं. मेणचट असल्यानं ते चिकटत नाही, काढताना दुखत नाही. 2003 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं.

प्रयोग संपला की उंदीर मारावे लागतात. त्या दिवशी नाना रजेवर असत, आणि त्यांना कुणी कारण विचारत नसे.

फार्मसीच्या पोरांनो, प्रबंधात ऋणनिर्देश लिहाल तेव्हा पशुगृह सांभाळणाऱ्याचं नाव आधी घाला, मग आमच्यासारख्या मास्तरांचं.