सांधा

तुमसरला आमच्या गल्लीत कासारीण आली, की बायका ओसरीवर हात पुढे करून बसत. मी आठ-नऊ वर्षांची असेन. धावताना माझा पाय लागून तिची टोपली लवंडली आणि दगडी पायरीवर हिरव्या-लाल काचांचा खच पडला. "फुटल्या!" म्हणून मी रडायलाच लागले.

"काहून रडते वं पोरी? फुटल्या नाही म्हणू, वाढल्या म्हणावं."

आईला तिने काही सांगितलं नाही. साठवलेली नाणी घेऊन मी तिला देवळाजवळ गाठलं, तर माझी मूठ तिने तशीच मिटवली. वर तेच तुकडे काढून चिमणी पेटवली. चिमट्यात धरलेला तुकडा ज्योतीत आधी काजळतो, मग सैल पडतो आणि हळूच वाकतो. टोकं जुळली की कडी; तिच्यात दुसरा तुकडा ओवायचा. घाईने पाणी लावलं, की तडकलाच. मग एका धड बांगडीवरून तिने माझं नख फिरवलं. एका जागी किंचित अडलं. "हा सांधा. फिरोजाबादले बाया घरी बसून दिव्यावर जोडतात." भट्टीतली काच दांडीवर स्प्रिंगसारखी गुंडाळतात, कापतात, आणि ती उघडी टोकं या बायकांच्या हाती येतात. त्या कड्यांचं तिने केलेलं तोरण आमच्या दारावर कितीतरी वर्षं होतं. नंतरची माझी भरतकामाची तोरणं त्याच्यापुढे फिकीच.

पुढे मी रसायनशास्त्र शिकवलं. काचेच्या धड्याला टेबलावर डोंगरी बुजुर्गच्या खाणीतला काळा दगड ठेवायची. वाळूतल्या लोहामुळे काच हिरवट होते. या दगडातला मँगनीज डायऑक्साइड चिमूटभर घातला की हिरवटपणा जातो, जास्त झाला तर काच जांभळी. काचवाले त्याला साबण म्हणतात, हे ऐकून खाणीवरची पोरं खूश व्हायची. घरी बापाचे कपडे त्याच दगडाने काळे! तळेगावचा काच कारखाना १९०८ साली पैसाफंडातून, माणशी एकेक पैसा जमवून उभा राहिला, हे सांगताना मात्र मला माझी मिटवलेली मूठ आठवायची.

तिचं नाव मी कधी विचारलं नाही. आईच्या हिशेबाच्या वहीत नुसतं 'कासारीण' आहे, पुढे आणे-पैसे. त्या दिवसाच्या बांगड्या त्यात नाहीत.