छायाखंभाच्या गावी

सासुरवाडीला जावयाने रिकाम्या डोक्याने जावे, असे जुनी माणसे म्हणत. मी मात्र गेल्या दिवाळीत पवनीला गेलो तो डोक्यात एक परदेशी चित्र घेऊन! मराठीच्या प्राध्यापकाला चित्रकलेत काय कळते, असे तुम्ही विचाराल. फारसे कळत नाही. पण सहामाही परीक्षेनंतर हाती आलेल्या एका पुस्तकात त्या चित्रावरचा वाद वाचला आणि तो वाद मला अगदी घरचा वाटला. बालकवींच्या ‘औदुंबरा’चा अर्थ काय, यावर आम्ही मंडळी इतकी वर्षे एकमेकांची डोकी खात आलो आहोत, त्यातलाच तो प्रकार.

नागपूरहून उमरेड, भिवापूर करीत एस.टी. पवनीला पोचते. गाव वैनगंगेच्या काठावर. जुन्या तटाचे अवशेष, एक भक्कम दरवाजा, आणि जिकडे पाहावे तिकडे देवळे. सासुरवाडी कोष्ट्यांची, एके काळी घरोघरी मागाचा आवाज असायचा, आता तो कान देऊन शोधावा लागतो. आमच्या सासऱ्यांच्या पडवीत मागाचा खड्डा अजून आहे. त्यात सध्या सायकली ठेवतात.

पवनीची थोरवी मला लग्न झाल्यावर कितीतरी वर्षांनी कळली, हे कबूल केलेले बरे. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खाते यांनी मिळून उत्खनन केले. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या देखरेखीखाली तिथे एक मोठा बौद्ध स्तूप उघडा झाला. इसवी सनापूर्वीचा. मेहुण्याबरोबर सकाळी टेकडीवर गेलो, तेव्हा गवतात दोन बकऱ्या आणि आम्ही, एवढीच वर्दळ होती.

त्या स्तूपाच्या शिल्पांत एक नाग आहे. मूळ शिळा आता टेकडीवर नाही. मी तिचा फोटोच पाहिला आहे. नागाने फणा उभारला आहे, आणि त्याच्या छायेत एक आसन. आसनावर कोणीही नाही. शेजारी ब्राह्मी अक्षरांत नागाचे नाव कोरले आहे, मुचरिंद. बोधी मिळाल्यानंतर बुद्धावर पावसाची झड आली, तेव्हा मुचलिंद नागाने त्याच्यावर फणा धरला, ती ही कथा. आता गंमत पाहा: कारागिराने नागाचे नाव लिहिले, पण ज्याच्यासाठी फणा धरला त्याचे नाव लिहिले नाही, त्याला कोरलेही नाही! रिकामे आसन म्हणजेच बुद्ध, असे जुने अभ्यासक सांगत. पुढे सूझन हंटिंग्टन यांच्यासारख्यांनी विचारले की अशी शिल्पे बुद्धाच्या स्थानाची पूजा दाखवीत असतील तर? पंडितांचा हा वाद अजून मिटलेला नाही. टेकडीवर येणाऱ्या त्या काळच्या बायाबापड्यांना तो पडला नसावा.

संध्याकाळी फराळ झाला आणि माझ्यातला प्राध्यापक जागा झाला. निमित्त झाले भिंतीवरच्या फोटोचे. हिच्या आजी-आजोबांचा, १९५८ सालचा. आजोबा खुर्चीत बसलेले, काळी टोपी, हातात पुस्तक. आजी खुर्चीमागे उभ्या, एक हात खुर्चीच्या पाठीवर, दुसऱ्याची मूठ पदराशी. बाजूला उंच स्टुलावर फुलदाणी आणि घड्याळ. मागच्या पडद्यावर रंगवलेला राजवाडा.

मी म्हणालो, “हे पाहा, अगदी व्हान आयकचं चित्र!” आणि सगळ्यांना ते चित्र सांगू लागलो. लंडनच्या नॅशनल गॅलरीत ते आहे. यान व्हान आयकने १४३४ साली ब्रूज शहरात रंगवलेले आर्नोल्फिनी नावाचे व्यापारी जोडपे. नवऱ्याने बायकोचा हात हाती घेतला आहे. पायाशी कुत्रा, काढून ठेवलेल्या खडावा, खिडकीत संत्री, भर दिवसा झुंबरात जळणारी एकच मेणबत्ती. मागे गोल आरसा, आणि आरशावर अक्षरे: यान व्हान आयक येथे होता. १९३४ साली पानोफ्स्की नावाच्या जर्मन पंडिताने या सगळ्याची फोड केली. कुत्रा म्हणजे निष्ठा, मेणबत्ती म्हणजे सर्वसाक्षी परमेश्वर, खडावा काढल्या कारण जागा पवित्र. आणि चित्र म्हणजे साक्षीदाराच्या सहीसकट लग्नाचा दाखला! साठ वर्षे तीच फोड पाठ होत राहिली. १९९७ साली एक कागद उजेडात आला, आणि ज्या जोडप्याचे हे लग्न म्हणायचे, त्यांचे लग्न १४४७ साली झाल्याचे निघाले. चित्रानंतर तेरा वर्षांनी. चित्रकार तर १४४१ सालीच वारला होता!

इतके सांगूनही माझी खोड गेली नाही. मी भिंतीकडे बोट करून म्हणालो, “पुस्तक म्हणजे विद्येची ओढ. घड्याळ म्हणजे सरता काळ. फुलं म्हणजे...”

“जावईबापू,” कोपऱ्यातून आजी म्हणाल्या. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. ऐकू कमी येते असे समजून आम्ही त्यांच्यादेखत काहीही बोलतो. “ते पुस्तक फोटोवाल्याचं होतं. इंग्रजी. यायले कुठं येत होती इंग्रजी? अन् घड्याळ बंद होतं. त्याच्याकडच्या सर्व्यायच्या फोटोत दहाच वाजले हायेत. फुलं कागदाची.”

सगळे खो खो हसले. मीही हसलो, दुसरे काय करणार! मग त्यांनी फोटो काढून हातात मागितला. काचेवरून पदर फिरवला आणि बोट आपल्या मुठीवर ठेवले. “हे नाही पाहिलं तुमी.”

मी पाहिले होते. लाजून पदर धरला आहे, असे मनाशी म्हणून पुढे गेलो होतो. बोटांच्या फटीत दोन काळे ठिपके होते; ते मी छपाईतला दोष समजलो.

“पोरीच्या मनगट्या हायेत,” आजी म्हणाल्या. “तुमच्या सासूच्या आधीची. दहा महिन्याची होती. फोटोवाला म्हने, मूठ सोडा, हात मोकळा ठेवा. म्या नाही सोडला. फोटोत तिलेबी घ्याचं होतं ना.”

सासूबाईंच्या हातातली चकलीची थाळी तशीच राहिली. आपल्याला एक मोठी बहीण होती, हे त्यांना त्या क्षणी कळत होते. ही उठून आजींजवळ जाऊन बसली. कोणी काही बोलले नाही.

मला झुंबर आठवत होते. मार्गारेट कॉस्टर या बाईंनी २००३ साली त्या चित्राबद्दल एक वेगळी गोष्ट सुचवली. आर्नोल्फिनी घराण्यात त्याच नावाचा दुसरा एक भाऊबंद होता, आणि त्याची बायको चित्र होण्याआधीच, १४३३ च्या सुमारास, वारली होती. जळती मेणबत्ती नवऱ्याच्या बाजूला आहे. बायकोच्या बाजूच्या खोबणीत विझलेल्या मेणाचा थेंबभर अवशेष. म्हणजे हात धरून उभी असलेली ती बाई कदाचित हयातच नाही. हेही सर्वांना मान्य नाही. त्या रात्री मला ते मान्य होते, इतकेच.

पवनीत सापडलेल्या एका दगडी खांबावर प्राकृत लेख आहे. महामहोपाध्याय मिराशींनी तो वाचला. रुपिअम्म नावाच्या एका महाक्षत्रप कुमाराच्या स्मरणार्थ उभारलेला तो खांब. लेखातला शब्द आहे ‘छायाखंभ’. छाया म्हणजे प्रतिमा. आपण फोटोला छायाचित्र म्हणतो, तो शब्द मी वर्गात नवा म्हणून शिकवीत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी निघताना आजींनी फोटो उलटा करून माझ्यापुढे ठेवला. पाठीवर फोटोवाल्याचा पुसट शिक्का होता, बाकी काही नाही. “तुमचं अक्षर चांगलं हाये म्हनते पोरगी,” त्या म्हणाल्या. “तिचं नाव लिहून द्या.” मी पेन काढले. त्यांनी हळूच नाव सांगितले, मी ते लिहिले, आणि त्यांनी शाई वाळेपर्यंत फोटो तसाच धरून ठेवला. नाव इथे देत नाही. ते त्यांनी फोटोमागे लिहायला सांगितले होते, दिवाळी अंकात नव्हे.