लेकीचं सामान

आमची धाकटी चेन्नईहून ओरत्तनाडूला आली ती सहाफुटी फळी बरोबर घेऊनच. बसमधून ती लांबलचक खोळ उतरवताना पाहून शेजारच्या आजींनी मला विचारलं, "वीणा का हो?" तंजावर हे वीणेचं गाव, तिथल्या माणसाला दुसरं काय सुचणार! पण ती होती लाटांवर उभं राहायची फळी. आठवड्याने तिरुचिरापल्लीहून विमानाने कोलंबो, तिथून मोटारीने सात-आठ तासांवर श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं अरुगम बे. तीन मैत्रिणी, दहा दिवस.

यांच्या बँकेतल्या बदलीमुळे आम्ही कोल्हापूरहून इकडे आलो. मला विहिरीतसुद्धा पोहता येत नाही. त्यातून २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने नागपट्टिणमला काय केलं, ते इथे घरोघरी ऐकलेलं. अरुगम बेलाही त्याच लाटेने झोडपलं होतं. हे मात्र चटकन विरघळले. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमच्या आशियाई सर्फिंग स्पर्धेत रमेश बुडिहाळला कांस्यपदक मिळालं, भारताचं त्या स्पर्धेतलं पहिलंच वैयक्तिक पदक. ते पेपरात वाचलं आणि हे लेकीचे वकील झाले.

"अगं, मग आपल्या मनोऱ्यापाशीच खेळ की," मी म्हटलं. सरफोजीराजांचा मनोरा आहे तो किनारा पट्टुकोट्टैच्या पुढे, आमच्याहून जवळ.

"आई, तिथे पाणी तळ्यासारखं असतं. समोर श्रीलंका आडवी आहे ना! मोठ्या लाटा तिच्या पलीकडच्या अंगाला."

सामान बांधायला मीच बसले. निदान तेवढं तरी माझ्या हातात! फळीखालचे कल्ले काढून मोज्यांत गुंडाळले. वरचं मेण खरवडून टाकलं, कारण उन्हात ते वितळून सगळ्या कपड्यांना लागतं. फळीची टोकं आणि कडा आपटून फुटतात, म्हणून तिने कुठलासा फेस आणला होता. मी सासूबाईंची जुनी गोधडी काढून दिली. गोधडीसारखं काही नाही, हे तिनेही कबूल केलं. फळी दुरुस्त करायचं रसायन पेट घेणारं, विमानात चालत नाही, ते बाहेर राहिलं. तिथे पाण्याखाली खडक, खरचटतं फार, म्हणून जंतुनाशक, पट्ट्या आणि मीठ-साखरेची पाकिटं मी दुप्पट भरली. भाजणीचा आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा मात्र तिने दोनदा बाहेर काढला.

"आई, तिथेही भात मिळतो. आपल्या गावात मुक्तांबाळ छत्र कशाला बांधलं होतं? वाटसरूने घरचं ओझं वाहू नये म्हणूनच ना!"

रामेश्वरच्या यात्रेकरूंसाठी दुसऱ्या सरफोजीराजांनी बांधलेलं ते छत्र तिने माझ्याच तोंडून ऐकलं होतं. काय बोलणार? डबा फडताळात गेला.

मग हाताला लागली ती दोरी. सर्फिंगवाले तिला 'लीश' म्हणतात. एक टोक फळीला, दुसरं पट्ट्याने मागच्या पायाच्या घोट्याला. पडलं तरी फळी दूर जात नाही, आणि दमलेल्या माणसाला धरायला काहीतरी राहतं. मी ती बोटांतून फिरवली. साड्यांचे फॉल लावून लावून बोटांना सवय आहे. घोट्याच्या पट्ट्याजवळ बारीक चीर लागली. वाकवली तर उघडली.

"ही चालेल गं, थोडीशीच आहे."

"नवीच तर घेतली होतीस."

ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "ती तुटली. दिवाळीच्या सुमाराला, कोवळमला. फळी वाहून गेली, मी पोहत आले. ही मैत्रिणीची जुनी आहे."

"किती वेळ?"

"अर्धा तास असेल. तुला सांगितलं असतं तर तू पाठवलंच नसतंस."

खरंच होतं ते. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच गॅसचा ओटा पुसत बसले. चिडायचं कुणावर? सांगितलं नाही म्हणून तिच्यावर, की सांगता येऊ नये असं वागले म्हणून माझ्यावर? बऱ्याच वेळाने बाहेर येऊन एवढंच म्हटलं, "नवी दोरी आल्याशिवाय बॅगेची चेन लागणार नाही."

ओरत्तनाडूत खताच्या पोत्यांपासून सोन्यापर्यंत सगळं मिळतं, लीश कुठली मिळायला! तिने कोवळमच्या मित्राला फोन लावला. त्याने चेन्नईहून निघणाऱ्या रात्रीच्या बसने पार्सल पाठवलं. पहाटे पाचला स्टँडवर मीच गेले. ड्रायव्हरच्या सीटमागून निघालेलं पुडकं तिथेच दिव्याखाली उघडलं, दोरी इंच न् इंच वाकवून पाहिली. ड्रायव्हर बघतच राहिला.

घरी आले तर ती उठली होती. म्हणाली, "जुनी जादा म्हणून ठेवते हं."

मी परसात जाऊन नारळ सोलायच्या कोयत्याने जुनीचे दोन तुकडे केले आणि आत येऊन चहा टाकला.