हवा घेत नाही की धरत नाही?

अडीच महिने मुलीकडे राहून आम्ही परतलो तेव्हा गाडी पार्किंगमध्ये एका कुशीवर कलून उभी होती. मागचं डावं चाक पार जमिनीला टेकलेलं. दुसऱ्या दिवशी सौ.ला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. म्हटलं, त्यात काय, जावयाने दिलेला छोटा पंप आहेच. गाडी चालू करायची, पंपाची वायर सिगारेट लायटरच्या भोकात खुपसायची आणि नळी व्हॉल्व्हला लावायची.

पहिल्या खेपेला काटा क्षणात साठावर गेला आणि चाक मात्र तसंच चपटं. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, नळीचं टोक नीट बसलं नव्हतं. व्हॉल्व्हच्या आत एक बारीक पिन असते, ती दाबली गेल्याशिवाय हवा आत शिरत नाही. ती नळीतच कोंडून राहते आणि काटा उगाच खूश होतो. टोक काढून पुन्हा बसवलं. आता काटा शून्यावर आणि पंप घरघरतोय! कान लावला तर टायर आणि रिमच्या मधून फुस्स आवाज. इकडून हवा घाला, तिकडून बाहेर.

मी आयुष्यभर मराठी शिकवलं, त्यामुळे पार्किंगमध्येही क्रियापदं सुटत नाहीत. आधी टायर हवा "घेत" नव्हता, आता तो "धरत" नव्हता. दुखणी दोन, आणि त्यांची औषधंही वेगळी.

पंपच तर बिघडला नाही ना, म्हणून तो स्टेपनीला लावून बघितला. (हा शब्द मुळात वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथे 1904 च्या सुमारास सुटं चाक बनवायला सुरुवात झाली.) स्टेपनी दहा मिनिटांत टणक झाली. म्हणजे पंप निर्दोष, मी निर्दोष. दोष त्या टायरचाच. "टायर गेला," असं सौ.ला जाहीर करून टाकलं. आता स्टेपनी बसवायची तर नट हलेनात. सत्तरीनंतरचे हात ते! शेवटी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या मुलाला बोलावलं.

त्याने पहिला प्रश्न विचारला, "काका, असा चपटा असताना गाडी चालवली का?"

"नाही रे, जागची हललेली नाही."

"मग वाचला. चालवली असती तर बाजूने कापला गेला असता. टायरला काय नाय झालं."

नट सैल करता करता त्याने समजावून सांगितलं. ट्यूबलेस टायरची कड आतल्या हवेच्या दाबानेच रिमला चिकटून राहते. हवा हळूहळू गेली, वर गाडीचं वजन तसंच राहिलं आणि कड रिमवरून सुटली. त्या फटीतून जेवढी हवा बाहेर जाते तेवढीसुद्धा छोटा पंप आत घालू शकत नाही. "आधी वजन उतरवायचं, काका. वजनाखाली कसा धरेल?"

चाक दुकानात नेलं. मीही मागोमाग गेलो, शिकाऊ उमेदवारासारखा. तारेच्या ब्रशने त्याने रिमचा गंज खरवडला, कडेला साबणाचं पाणी लावलं आणि व्हॉल्व्हची पिन चक्क काढून टाकली. आत जायची वाट मोठी व्हावी म्हणून. मला म्हणाला, "बोटं लांब ठेवा." मग मोठ्या कॉम्प्रेसरची हवा एकदम सोडली. चाळीसच्या पुढे काटा जाऊ द्यायचा नाही, हे त्याचं पथ्य. टप्प... आणि पुन्हा एकदा टप्प! दोन्ही कडा जागेवर बसल्या. पिन परत घातली, दाराच्या चौकटीवरच्या तक्त्यात बघून 33 पर्यंत हवा भरली आणि चाक पाण्यात फिरवलं. एका ठिकाणाहून बारीक बुडबुडे आले. तिथे नखाएवढा खिळा होता. मूळ दुखणं एवढंसंच.

डॉक्टरांची वेळ गाठली. पण बाहेर बाकावर बसलो असताना मला 1984 सालचा माझा पाचवीचा वर्ग आठवत राहिला. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा. मी शिकवायचो, तो माझ्याकडे बघत असायचा आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. बाकीच्या चाळीस जणांना कळतं, म्हणजे शिकवणं ठीक आहे, दोष त्याचाच. हेच स्टेपनीचं गणित! सहामाहीला प्रगतिपुस्तकात मी लाल शाईने शेरा मारला: "ग्रहणशक्ती कमी." दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आलाच नाही.

पुढे शिपायाकडून कळलं, बाप अंथरुणाला खिळलेला होता. पोरगा पहाटे चारला उठून म्हशीची धार काढायचा, रतीब घालायचा आणि मग शाळेत यायचा. ग्रहण करत नव्हता असं नाही, त्याला धरता येत नव्हतं. वर वजन होतं. बाकाजवळ जाऊन एकदाही मी विचारलं नाही, "पहाटे किती वाजता उठतोस रे?"

तो आता पन्नाशीत असेल. कुठे असतो, माहीत नाही.

असो. टायर बसवून आज तेरा दिवस झाले. रोज सकाळी काटा लावून बघतो. 33 आहे. सौ. म्हणते, "एवढं काय बघताय, धरलीय ना हवा?" धरलीय खरी. तरी बघतो.